कोलाडला वल्ही बसवायला गेलो

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कालवं आणायला गेलो ते. ओहोटीला रेवदंड्याच्या खाडीत खडक उघडे पडतात, तिथं. ती बसून कालवं फोडत होती, मी गुडघाभर पाण्यात होडी धरून उभा होतो. पाणी चढायला लागलं तसे निघालो. मी मधल्या फळीवर बसून दोन्ही वल्ही ओढत होतो, ती मागच्या टोकाला लहान वल्हं धरून होडीला वाट देत होती. काही खास बोललो असं नाही. चहाची पावडर संपलीय, एवढं म्हणाली. घरी येऊन तिने कालवांचं सुकं केलं आणि मी एक भाकरी जास्त खाल्ली. त्याच आठवड्यात छातीत कळ आली म्हणाली आणि अलिबागला पोचेपर्यंत संपली. माझी बायको, तिचं नाव चांगुणा.

हे आधी सांगितलं, कारण ज्या प्रवासाचं लिहितोय तो तिच्या मागे झाला. मी चौथीपर्यंत शिकलेला. लिहायची सवय नाही. पण आमच्या कोळीवाड्यातलं कोणी अजून कोलाडच्या त्या रबरी बोटीत बसायला गेलेलं नाही, आणि आल्यापासून जो तो विचारतो की तिथं काय असतं. तोंडाने सांगून कंटाळलो, म्हणून हे.

एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. होडी वल्हवणारा माणूस जातो त्या दिशेला पाठ करून बसतो. वल्हं छातीकडं ओढायचं असतं, जोर पाठीचा लागतो. त्यामुळे पुढं काय आहे ते त्याला दिसत नाही. ते मागच्या टोकाला बसलेला माणूस बघतो. आमच्या होडीत लग्नापासून ते चांगुणा बघायची, आणि मी चांगुणाकडं बघायचो. पुढं वाळूचा दांडा असला की तिचे डोळे बारीक व्हायचे. समोरून मोठी बोट आली की हनुवटी वर जायची. मी त्यावरून वल्हं फिरवायचो. तोंडाने सांगायची वेळ क्वचित आली. ती गेल्यावर होडी किनाऱ्यावर उपडी घातली ती तशीच. पोरगा मुंबईला असतो. तो म्हणाला, विकून टाका. मी हो म्हणालो नाही आणि नको पण म्हणालो नाही.

बाराव्याला तिच्या भावाची मुलगी सुरेखा आली. चांगुणाचं माहेर रोह्याच्या बाजूला, कुंडलिकेच्या काठी. तीच नदी खाली आमच्याकडं खाडी होऊन येते. सासरे म्हणायचे, पोरगी लांब दिली न्हाय, माझ्याच पाण्यावर हाय. सुरेखा लहानपणी सुट्टीत आमच्याकडं यायची, आत्याच्या मांडीवर बसून खाडीत फिरायची. आता कोलाडला एका राफ्टिंगच्या कॅम्पवर कामाला आहे. पाहुण्यांचा स्वयंपाक करायचा, हेल्मेटं धुवायची. मधल्या काळात बोट चालवायला पण शिकली, पण तिच्या हातात बोट देत नाहीत.

जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. शेठने नवीन बोट आणलीय म्हणाली. लोखंडी सांगाडा आणि दोन मोठी वल्ही असलेली. म्हाताऱ्या पाहुण्यांना हातात पॅडल धरून झोडपता येत नाही, त्यांना नुसतं बसवून न्यायचं आणि एकानेच वल्हवायचं. वल्ही कशी बसवायची ते तिथं कोणाला धड माहीत नाही. बोट नीट चालली तर शेठ ती सुरेखाकडं देणार. नाही चालली तर सांगाडा गोदामात आणि सुरेखा चुलीपुढं.

"तुम्ही या, आतोबा," म्हणाली. "दुसरं कोणाला सांगू?"

मी म्हणालो, मी वल्ह्याला हात लावणार नाही आता. ती म्हणाली, लावू नका, नुसतं दाखवा. पोरगी आत्यासारखीच. ऐकून घेते आणि आपलंच करते.

रेवदंडा ते कोलाड

थंडी सरत आली होती तेव्हा निघालो. मोकळ्या हाताने कसं जायचं म्हणून पिशवीत सुके बोंबील आणि जवळा घेतला. एसटीत तो वास सुटला. कंडक्टर म्हणाला, आजोबा, पिशवीत कोण मेलंय? मी म्हटलं, तुझ्या सासूने खाल्लं तर जिवंत होईल. मागच्या बाकावरची एक बाई मात्र विकायचे आहेत का विचारायला लागली. नाही म्हटलं तरी रोह्यापर्यंत विचारत होती. शेवटी मूठभर दिले. तिने मला दोन पेरू दिले.

रोह्याच्या पुलावरून नदी दिसली. इतकी वर्षं सासुरवाडीला आलो, पण याच्या वर कधी गेलो नव्हतो. आमच्याकडं ही नदी एवढी रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही. तिथं तिला दोन काठ आहेत आणि दोन्ही जवळ आहेत.

कोलाड

कॅम्प नदीच्या वर, झाडांत आहे. तंबू, एक मोठी शेड, दोरीवर वाळत घातलेली नारिंगी जाकिटं. शेठ पनवेलचा, माझ्या पोराच्या वयाचा. माणूस वाईट नाही, पण उभ्याउभ्या बोलतो आणि बोलताना फोनकडं बघतो. बोटी चालवणाऱ्यांत किसन म्हणून एक आहे, तिथलाच, तिशीचा. मला बघून सुरेखाला म्हणाला, तू कारागीर आणणार होतीस, हा तर देव आणलास. जेवताना माझे बोंबील सगळ्यात जास्त त्यानेच खाल्ले.

त्यांचं जेवण बरं असतं, पण नदीचा मासा ते गरम मसाल्यात बुडवतात. कोकम नाही, तिरफळ नाही. माशाला स्वतःचं काही बोलूच देत नाहीत. दुसऱ्या दिवशी सुरेखाने माझ्यापुरती आत्याच्या पद्धतीची आमटी केली. चव जवळजवळ तीच होती. मी अर्धी खाल्ली.

पहिल्याच संध्याकाळी खाली नदीवर गेलो. नदी कसली, दगडांतून जाणारा ओहोळ. मी सुरेखाला म्हणालो, ह्यात बोट काय डोक्यावर घेऊन जाता? ती हसली. पाणी सकाळी येतं म्हणाली. वर वीजघर आहे, तिथून पाणी सोडतात, मग नदी भरते. दुपारपर्यंत उतरते. आमच्याकडं पाणी तिथीवर येतं. पुनवेला अवसेला उधाण, अष्टमीला भांग म्हणजे कमी पाणी, हे पोरांनासुद्धा पाठ असतं आणि त्यात कोणाची सुट्टी नसते. इथं माणूस चावी फिरवतो तेव्हा भरती. सुट्टी असली की भरती नाही. मला ते काही पटलं नाही. मी ओंजळ भरून तोंडाला लावलं. गोड लागलं. हेच पाणी आमच्या दारात येतं तेव्हा तोंडात धरवत नाही.

वल्ही बसवली ती

सांगाडा लोखंडी नळ्यांचा. फुगवलेल्या बोटीवर आडवा ठेवायचा आणि पट्ट्यांनी आवळायचा. मधे बसायची फळी. शेठने वल्ही अडकवायचे दोन प्रकार मागवले होते. एक कडी, घोड्याच्या नालासारखी, वर तोंड उघडं. त्यात वल्हं ठेवलं की गरगर फिरतं, पातं हवं तसं वळवता येतं. दुसरी खुंटी आणि चिमटा. लोखंडी खुंटी उभी, आणि वल्ह्याला स्टीलचा चिमटा आवळलेला, तो खुंटीवर कट्‌कन बसतो. त्यात पातं कायम उभंच राहतं, मनगट वळवावं लागत नाही.

किसन म्हणाला कडी घ्या, हौशी लोक कडीच घेतात. मी सुरेखाला विचारलं, धार आली की तुला पातं कसं वळलंय ते बघायला सवड मिळेल का? नाही म्हणाली. मग खुंटी घे म्हटलं. आणि खुंटी आमच्या होडीलाही असते, फक्त लाकडाची, आणि चिमट्याऐवजी दोरीचा फास. फरक एक आहे. आमचा फास वल्हं सोडत नाही. हा चिमटा पातं दगडात अडकलं की आपोआप सुटतो. मला वाटलं, सुटणारं वल्हं काय कामाचं. दोरीने बांधून टाकायला निघालो होतो, पण किसन म्हणाला, बाबा, बांधलंत तर दगड वल्ह्याला धरेल आणि वल्हं तुमच्या बरगडीला. ते पटलं. बांधलं नाही.

बाकी सगळं आमच्यासारखंच. वल्ह्याचा एक हिस्सा आत, दोन हिस्से बाहेर. दोन्ही मुठी समोर आणल्या की मधे एक मूठ मावेल इतकी फट, नाहीतर बोटं चेचतात. पातं पाण्यात असताना मूठ छातीशी यायला हवी. बोटीचं रबर आमच्या होडीच्या काठापेक्षा जाड आणि उंच, म्हणून खुंट्या ठोकळ्यावर चढवाव्या लागल्या. एक बाजू बोटभर खाली राहिली होती, ती परत खोलली. वल्हं घासतं तिथं दोरी गुंडाळली. आम्ही काथ्या गुंडाळतो, तिथं नायलॉनची होती. नट आवळता आवळता पूर्ण सकाळ गेली आणि त्या सकाळी मला दुसरं काही आठवलं नाही. हात लावणार नाही म्हणून गेलेला माणूस मी.

मग फळी. मी ती होडीत असते तशी बसवली, म्हणजे वल्हवणारा खालच्या धारेला पाठ करून बसेल अशी. चिमट्यांची तोंडंही त्या हिशोबाने. सुरेखा बघत होती. म्हणाली, आतोबा, ऋषिकेशला पुढं तोंड करून बसतात. किसन जाऊन आलाय.

"बसू दे त्यांना," मी म्हटलं. "पुढं तोंड करून माणूस भाजी चिरतो. वल्हं ओढत न्हाय."

ती म्हणाली, मग पुढचं बघणार कोण? मी म्हटलं, तू समोर बस माझ्या, तू बघ. उद्या मी वल्हवतो, शेठला दिसेल बोट कशी जाते. तिने फळी हाताने हलवून बघितली. मग बरं म्हणाली. आता वाटतं, ती वल्ह्यांसाठी नव्हे, माझ्यासाठी हो म्हणाली होती.

पहिलं पाणी

सकाळी पाणी आलं. आधी आवाज, मग फेस, मग कालचे सगळे दगड गेले. म्हाताऱ्या पाहुण्यांच्या वजनाइतक्या वाळूच्या गोणी बोटीत भरल्या. मला जाकीट घातलं, डोक्यावर हेल्मेट. टोपी काढणार नाही म्हणालो, तर किसनने टोपीवरच हेल्मेट बसवलं आणि म्हणाला, आता तुम्ही नवरदेव. शेठ दुसऱ्या बोटीत मागून.

सुरुवातीचं पाणी सपाट होतं. मी वल्ही ओढली आणि बोट सरळ गेली. वजनदार बोट, पण खुंटीवर जोर बरोबर बसत होता, कुठं करकर नाही. सुरेखा समोर बसली होती. सकाळचं ऊन तिच्या तोंडावर. आत्याचं नाक आहे तिला. मी वल्ही ओढत होतो आणि सगळं जिथल्या तिथं होतं. मागून शेठ ओरडला, एकदम मस्त. पहिला उतार गेला, दुसरा गेला.

तिसऱ्याला ते लोक घुसळण म्हणतात. तिथं पाणी एका मोठ्या खडकावर जाऊन फुटतं आणि बोटीला त्याच्या बाजूने काढायचं असतं. आवाज इतका की कानात दुसरं काही शिरत नाही. सुरेखाचं तोंड हलत होतं, ऐकू येत नव्हतं. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. डोळे बारीक होतात का, हनुवटी वर जाते का, ते बघत राहिलो. तिचे डोळे मोठे होते आणि माझ्यावर नव्हते. तिने हात केला. मी काय समजलो कोण जाणे, ओढायचं ते वल्हं सोडून दुसरं ओढलं. बोट आडवी झाली आणि पाठीमागून खडकावर बसली. पातं दगडात अडकलं, चिमटा सुटला, वल्ह्याची मूठ माझ्या कुशीला घासून गेली. दोन गोणी नदीत गेल्या. बोट खडकाला चिकटून राहिली ती किसनने दोर टाकून सोडवेपर्यंत.

मला कुशीत मुका मार बसला, बाकी कोणाला काही नाही. काठावर आलो तेव्हा शेठ म्हणाला, गोणीच्या जागी आजी असती तर? तो म्हणाला, सांगाडा काढा आणि ठेवून द्या, रविवारी पुण्याची माणसं येतायत, त्यांना सपाट पाण्यात फिरवून आणू.

सुरेखा म्हणाली, "शेठ, मला उद्याचं पाणी द्या."

"पाणी माझ्या हातात हाय का?"

"जेवढं हातात हाय तेवढं द्या."

शेठने फोन खिशात टाकला. एकदाच, म्हणाला. आणि वल्ह्यावर तू. आजोबा नाहीत.

शेडमधली दुपार

नदी परत ओहोळ झाली. बोट शेडपाशी आणून ठेवली. मी दगडावर बसलो होतो. सुरेखा माझ्या कुशीला तेल चोळायला आली. मला वाटलं आता बोलेल. बोलायला हवंच होतं, तिचं सगळं त्या बोटीवर होतं. ती चोळत राहिली. मग म्हणाली,

"आतोबा, तुम्ही पाणी बघत नव्हता. माझ्याकडं बघत होता."

मी सदरा खाली ओढला.

"मी आत्या न्हाय."

आवाज चढवून नाही म्हणाली. तेलाची बाटली बंद करून ती पाहुण्यांचा चहा करायला गेली. मी बराच वेळ तिथंच होतो. बाराव्यापर्यंत आणि नंतरही घरी रडायला माणसं येत होती, त्यांच्यात मला कधी रडू आलं नाही. तिथं आलं. किसन दोर गुंडाळत येत होता, त्याने बघितलं आणि तो दुसरीकडून गेला. मस्करी करणारा माणूस, पण त्याला तेवढं कळलं.

मग पाना घेतला. कुशीमुळे वाकता येत नव्हतं, म्हणून किसनला हाक मारून नट सैल करून घेतले. फळी काढली आणि उलटी बसवली, बोटीचं नाक समोर येईल अशी. फळी फिरवली की बाकी सगळं फिरतं. वल्हं ओढताना त्याचा जोर नेहमी खुंटीवर यायला हवा, चिमट्यावर नाही, म्हणून दोन्ही चिमट्यांची तोंडं फिरवावी लागली. पाय रोवायची नळी इकडची तिकडं केली. सुरेखाचे हात माझ्यापेक्षा आखूड, तिला बसवून मुठी जवळ आणल्या. तिने विचारलं, पुढं बघत बसलं तर वल्हं ओढायचं कधी? बोट तर पुढं जायचीय. किसनने सांगितलं की खडक दिसला की बोटीचं नाक त्याच्याकडं थोडं तिरकं करायचं आणि त्याच्यापासून लांब ओढायचं. पाणी बोटीला खाली नेतंच, आपण नुसतं बाजूला व्हायचं. मी म्हटलं, आणि हे सगळं बघून करायचं? किसन म्हणाला, बघूनच करायचं बाबा, म्हणून तर पुढं तोंड. मी पाना त्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी

पाणी आलं. गोणी कमी पडल्या होत्या, त्यांच्या जागी मी बसलो, सुरेखाच्या मागे. शेठने नको म्हटलं. मी म्हटलं, रविवारी म्हातारी माणसंच बसणार आहेत ना, मग आज म्हातारा बसू दे. त्याने माझ्या जाकिटाचे पट्टे आवळले.

सुरेखाने वल्ही धरली. पहिल्या उतारात डावं वल्हं तिच्या हातून उथळ गेलं आणि तिने मला भिजवलं. दुसऱ्यात सावरली. घुसळणीच्या आधी ती फळीवर जरा उठून उभी राहिली, पुढचं पाणी बघितलं, खाली बसली. मी तिच्या खांद्यावरून बघत होतो. जन्मभर पाण्यावर राहिलो, पण खडक असा समोरून येताना मी कधी बघितला नव्हता. तिने बोटीचं नाक त्याच्याकडं वळवलं. माझ्या तोंडात शिवी आली. मग तिने ओढलं, एकदा, दोनदा, पाठ पूर्ण मागे टाकून, दोन्ही खुंट्या जागच्या हलल्या नाहीत, आणि तो खडक आमच्या बाजूने निघून गेला. इतका जवळून की मी त्याला हात लावला असता. मागच्या बोटीतून किसनने शिट्टी मारली. शेठने सुरेखाला नुसतं एवढंच विचारलं की रविवारी किती माणसं घेशील. ती म्हणाली, चार. तो म्हणाला, ठीक आहे.

उतार संपल्यावर नदी शांत होते. दोन्हीकडं झाडं वाकलेली. सुरेखाने वल्ही पाण्याबाहेर काढून गुडघ्यावर धरली आणि मागे वळून म्हणाली, आतोबा, आता काठापर्यंत तुम्ही घ्या.

आम्ही जागा बदलल्या. ती माझ्या मागे जाऊन बसली. मी फळीवर बसलो. मला पुढं बघत वल्हवायचं माहीत नव्हतं. सपाट पाण्यात ओढलं तर बोट उलटी जाते, तिथं वल्हं छातीपासून पुढं ढकलावं लागतं. ढकललं की जोर खुंटीवर नाही, चिमट्यावर येतो. फार जोर केला तर वल्हं निसटतं. पहिल्यांदा मी नेहमीसारखा जोर लावला आणि उजवं निसटलं. ते परत खुंटीवर दाबून बसवलं.

समोर कोणी नव्हतं. पाणी होतं, त्यावर झाडांची सावली, आणि पुढं वळण. मी हळू ढकलत गेलो. काठ आला तेव्हा तो मला आधीच दिसला होता.